हिरव्याचा भरवसा

फेब्रुवारी अर्धा उलटला तरी हर्षल भोंडेच्या बगीच्यात एकाही झाडाला फूल आलं नव्हतं. झाडं आजारी असती तर त्याला ते कळलं असतं. डिंक्या, कोळशी, मर, संत्र्याचे सगळे रोग त्याच्या ओळखीचे होते. पण ही झाडं चांगली टवटवीत होती, पानं तेल लावल्यासारखी चमकत होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या पट्ट्यात आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळा सरतानाच्या फुलोऱ्याच्या, दिवसांत फुलांचा वास गावात घरोघरी शिरतो. त्या वर्षी धामणडोहात तो आलाच नाही. आजूबाजूच्या चारपाच बागाइतदारांचीही तीच तऱ्हा होती. कोणी थंडीला दोष दिला, कोणी खताला. हर्षलनं बहिणीला फोन केला.

प्रणिता त्याच्याहून चार वर्षांनी लहान. अमरावतीच्या एका खासगी संशोधन केंद्रात ती सूक्ष्मजीवांवर काम करत होती आणि ‘धीर’ तिचंच होतं. आता वऱ्हाडात हा शब्द बियाण्याच्या पाकिटावर लहान मुलंसुद्धा वाचत. पाचसहा वर्षांपूर्वी मात्र प्रयोगशाळेतल्या एका बशीवर तिनं स्वतःच्या हातानं तो लिहिला होता.

धीर म्हणजे एक जिवाणू. सातपुड्याच्या खडकात उगवलेल्या धावड्याच्या मुळांवर तो तिला सापडला होता, आणि पुढे तिनं प्रयोगशाळेत त्याला आणखी तयार केलं. झाडाला पाय नसतात. ऊन वाढलं, ओल कमी झाली, तर त्याला सावलीला जाता येत नाही. मग ते आतल्या आत आवराआवर करतं. मुळांना कोरड जाणवली की काही रसायनं तयार होतात आणि ती निरोप घेऊन पानापानात जातात: पानांची छिद्रं मिटा, फुलं टाका, वाढ थांबवा, जीव तेवढा वाचवा. शेतकरी ज्याला ‘पिकानं मान टाकली’ म्हणतो, ती ही आवराआवर. बऱ्याचदा झाड घाबरटपणानं ती लवकरच करून बसतं. दहा दिवसांनी पाऊस येतो, पण तोवर फुलं मातीत गेलेली असतात. धीर मुळांच्या आत राहायचा आणि त्या रसायनांचा कच्चा माल खाऊन टाकायचा. निरोप निघायचा, पण पोचायचा नाही. पीक ताण विसरून वाढत राहायचं.

बियाण्याला तो नुसता चोळायचा असे. ज्या गावांत उन्हाळ्यात ग्रामपंचायतीचा उष्णतेचा भोंगा रोज वाजू लागला होता, जिथं विहीर नाही, कालवा नाही, तिथं सोयाबीन पहिल्यांदा पोटभर पिकलं. धामणडोहाजवळून वाहणाऱ्या नाल्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत कुंभीखोरा नावाची गोंडांची वस्ती आहे. पहिला प्रयोग प्रणितानं तिथं केला होता. ललिताबाई धुर्वे तिथल्या महिला गटाच्या प्रमुख. धीर आल्यापासून सलग तीन हंगाम कुंभीखोऱ्यातलं एकही घर दिवाळीनंतर कुलूप लावून वीटभट्टीवर गेलं नव्हतं, हे ललिताबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. प्रणितालाही आयुष्यात एवढाच एक अभिमान होता.

तिनं हर्षलच्या बगीच्यातली मुळं खणून नेली. तपासणीचं उत्तर पडद्यावर आलं तेव्हा तिनं ते पुन्हा तपासायला लावलं, कारण तिला ते खरं असावं असं वाटत नव्हतं. संत्र्याच्या मुळांत धीर होता, आणि भरपूर होता. नाल्याच्या पाण्यातून, मातीतल्या बुरशीच्या धाग्यांवरून तो खाली उतरला होता. प्रयोगशाळेत तयार झालेला हा जिवाणू आता शेंगवर्गाच्या पिकांबाहेर जगत नाही असं तिच्याच अहवालात लिहिलेलं होतं.

संत्र्याचं तंत्र बाकी पिकांच्या उलटं. त्याला फुलवायचं तर आधी तहानेनं व्याकूळ करावं लागतं. बागाइतदार पाणी तोडतात, झाडं ‘ताणावर सोडतात’. पानं मलूल होतात, थोडी गळतात, झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही, आणि मग पाणी मिळताच ते फुलांनी लदबदून जातं. पिढ्यान्‌पिढ्या याच भीतीवर संत्री पिकत आली होती. धीरनं ती भीतीच काढून घेतली होती.

रविवारी ती धामणडोहला गेली आणि तिनं दादाला सगळं सांगितलं. तो विहिरीच्या काठावर बसून ऐकत होता. वहिनी, स्नेहल, चहा घेऊन आली ती तिथंच थांबली. हर्षल चिडला नाही. यावर उतारा काय, एवढंच त्यानं विचारलं.

उतारा होता. ही गोष्ट प्रणिताला सांगायची नव्हती, पण तिनं ती सांगितली. प्रयोगशाळेत तिनं एक विषाणू जपून ठेवला होता, फक्त धीरला मारणारा. माणसाला, गुरांना, झाडाला त्याचा काही त्रास नव्हता. पाण्यातून सोडला की आठवड्याभरात मुळं मोकळी झाली असती. पण जिवाणू जसा कुंपणापाशी थांबला नाही तसा विषाणूही थांबला नसता. भांड्यांतून, गुरांच्या खुरांतून, वाऱ्यावरच्या धुळीतून तो वर कुंभीखोऱ्यापर्यंत गेला असता, आणि तिथलं सोयाबीन पुन्हा उघडं पडलं असतं.

“तो सोडता येणार नाही, दादा,” ती म्हणाली. “वरच्या लोकांचं त्याच्यावर पोट आहे.”

हर्षलनं कप खाली ठेवला. “अन् धीर इकडं येताना माह्या कुंपणाले विचारून आला होता काय?”

भावाला काहीतरी द्यायला हवं म्हणून ती एक वाक्य बोलून गेली. निरोप अगदीच बंद झालेला नाही, क्षीण झाला आहे. मृगाच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडच्या, बहाराला नेहमीपेक्षा जास्त ताण दिला तर कदाचित झाडांना जाणवेल. ‘कदाचित’ हा शब्द ती म्हणाली होती, याविषयी तिला नंतर कधी शंका आली नाही. पण भावाच्या कानात त्यातलं काय राहिलं असेल, हे तिला तेव्हाही समजायला हवं होतं.

एप्रिलच्या मध्याला हर्षलनं पाणी तोडलं. मे उजाडला. भोंगा सकाळी दहालाच वाजू लागला, रस्ते सामसूम. एरवी या दिवसांत झाडांकडं पाहूनच ताण किती बसला ते कळायचं. पानं सुरळी व्हायची, देठाशी पिवळी पडायची, आणि पाव हिस्सा पानं गळली की बागाइतदार म्हणायचा, झालं, आता पाणी सोडा. हर्षल रोज बगीच्यात जाऊन उभा राहायचा. एक पान गळत नव्हतं. माती भेगाळली होती, जमिनीत पुरलेला ओलावामापक शून्याकडं चालला होता, आणि वर झाडं श्रावणात असावीत तशी हिरवी. स्नेहल दोनदा म्हणाली की आता पुरे, पाणी द्या. त्यानं तिला प्रणिताचं वाक्य ऐकवलं. मृगाचा पाऊस लांबला तसा त्यानं ताणही लांबवला.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी स्नेहल बगीच्यात गेली तर पायाखाली काही वाजत नव्हतं, पण वर हात लावला की पानं कुरकुरत होती. रंग हिरवाच, किंचित राखी झाक मारणारा, आणि चुरगाळलं की भुगा. तिनं हर्षलला हाक मारली. त्यानं सालीला नख लावलं. आत तपकिरी लाकूड होतं. दुसरं झाड तसंच, तिसरंही. त्यानं मोटार चालू केली आणि दिवसभर पाणी सोडत राहिला. आठवडा संपायच्या आत सगळा बगीचा गेला, आणि जाताना एक पान त्यानं खाली टाकलं नाही.

प्रणिता आली तेव्हा तो ओट्यावर बसला होता. तिनं येऊन काही बोलायच्या आत तो म्हणाला, “तू म्हटलं म्हणून मी थांबलो.” आवाज चढलेला नव्हता. मग तो उठून आत गेला आणि ती असेपर्यंत बाहेर आला नाही.

झालं काय, ते तिला परतीच्या वाटेवरच उमगलं. झाडाला निरोप मिळत नव्हता, म्हणून त्यानं छिद्रं मिटली नाहीत, पानं टाकली नाहीत. शेवटच्या थेंबापर्यंत ते ओढत राहिलं. मातीतली ओल संपली तेव्हा खोडातल्या पाण्याच्या धारा एकाएकी तुटल्या आणि त्यांत हवा शिरली. एकदा ती शिरली की झाड परत पाणी ओढू शकत नाही. सुकणं ही मरणाची पायरी असते असं आपण समजतो. खरं तर ती मरणाच्या अलीकडं घातलेली आडकाठी असते, आणि तीच तिनं काढली होती.

मग सोयाबीनचं काय?

केंद्रातल्या कुंड्यांत सोयाबीनची रोपं फुलावर आलेली होती, त्यांचं तिनं पाणी तोडलं. धीर नसलेली रोपं लवकर मलूल झाली, फुलं टाकली, उशिरा पाणी दिलं तेव्हा निम्म्याशिम्म्या शेंगांवर का होईना, पण सावरली. धीर असलेली ताठ उभी राहिली आणि मग दोन दिवसांत सगळी गेली. त्यांच्यातलं एकही पाण्यानं परतलं नाही. इतक्या वर्षांत हे कळलं कसं नाही, हा प्रश्न केंद्राच्या संचालकांनी विचारण्याआधी तिनं स्वतःलाच विचारला होता. गेल्या तीन हंगामांत पावसाचे खंड पडले होते, पण ते रोपाच्या सोसण्याच्या आतले होते. त्याच्या पलीकडं काय आहे, ते पाहायची वेळच आली नव्हती.

संचालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी कुंड्या पाहिल्या, आकडे पाहिले आणि म्हणाले की कुंडीतली माती म्हणजे शेत नव्हे. एक हंगाम शेतात चाचणी घेऊ, मग बोलू. आत्ता बोललो तर पेरणी झालेल्या लाखो एकरांवर घबराट होईल, आणि करायचं काय ते तर आपल्यालाही सांगता येणार नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, म्हणूनच प्रणिता जुलैभर गप्प राहिली.

ऑगस्ट लागला आणि पाऊस थांबला. पोळा तोंडावर आला तरी आभाळ स्वच्छ. सोयाबीन फुलावर होतं, चपट्या शेंगा धरायला लागल्या होत्या. उपग्रहाच्या नकाशावर तालुका गर्द हिरवा दिसत होता, त्यामुळं दुष्काळाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. लोक शेतं पाहून निवांत होते. टीव्हीवर कोणीतरी म्हणालं की वऱ्हाडानं दुष्काळ जिंकला. प्रणितानं हवामानाचे सगळे अंदाज पुढं मांडले. पुढचे पंधरा दिवस पावसाची शक्यता नगण्य, त्यानंतरचं सांगता येत नाही, असं सगळे म्हणत होते. तिच्या हिशेबानं जमिनीतली ओल त्याच्या आतच संपणार होती.

तिनं विषाणूची बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली, केंद्रात कोणाला न सांगता गाडी काढली आणि कुंभीखोऱ्याला गेली.

ललिताबाईंनी समाजमंदिरात गटाच्या बाया आणि गावातली माणसं गोळा केली. प्रणितानं काही लपवलं नाही. दादाच्या बगीच्यातली एक फांदी तिनं सोबत आणली होती, ती तिनं हातोहात फिरवली. हिरवं पान बोटांत भुगा होतं हे प्रत्येकानं पाहिलं. मग तिनं दोन्ही बाजू सांगितल्या. आज विषाणू सोडला तर आठवड्याभरात पीक मान टाकेल, फुलं गळतील, निम्मं जाईल. पण पाऊस लांबला तरी उरलेलं जगेल. नाही सोडला आणि पाऊस वेळेत आला, तर पूर्ण पीक हाती येईल. नाही आला, तर काहीच नाही.

एका म्हाताऱ्यानं विचारलं की पाऊस येणार का नाही ते सांगा. तिनं सांगितलं की ते तिला माहीत नाही. कोणी म्हणालं, इतकं हिरवं वावर हातानं सुकवायचं, हे देवाला तरी पटेल का. कोणी म्हणालं, संत्रेवाल्यांनीच हिला पाठवलं असेल, भाऊ बागाइतदार आहे. प्रणितानं मान खाली घातली. खाली नाल्याकाठच्या गावांनाही ती भेटणार होती, पण पाणी वरून खाली जातं. कुंभीखोरा नाही म्हणाला असता तर ती बाटली तशीच परत नेणार होती.

ललिताबाई बराच वेळ त्या फांदीकडं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “निम्मं तं निम्मं. घरात दाणा आला पाहिजे.” आणि त्यांनी हात वर केला. त्यांच्यामागून एकेक हात वर गेला. सगळे गेले नाहीत, पण पुष्कळ गेले.

दुसऱ्या दिवशी बायांनी पाठीवरच्या पंपांनी शेतं फवारली. उरलेलं पाणी नाल्यात गेलं. प्रणितानं खालच्या गावांत जाऊन तेच सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी तिला वेशीवरूनच परत पाठवलं. आठवड्यानं दुपारच्या उन्हात सोयाबीनची पानं उलटी होऊन पांढुरकी दिसू लागली. संध्याकाळी ती सावरायची, दुसऱ्या दिवशी जास्त झुकायची. ओळीओळींत फुलांचा सडा पडला. शेतातून जाताना बाया पायाखाली पाहत नव्हत्या.

आणि मग बंगालच्या उपसागरात कोणत्याच अंदाजात नसलेला कमी दाबाचा पट्टा तयार झाला. पाऊस आला, तो ओल संपायच्या चारपाच दिवस आधीच आला. दोन दिवस शांतपणे, जमिनीत मुरेल असा पडला. ज्या गावांपर्यंत विषाणू अजून पोचला नव्हता, तिथली शेतं शेंगांनी वाकली. कुंभीखोऱ्यात आणि नाल्याकाठी निम्मं पीक उरलं.

पुढचं सगळं लवकर झालं. केंद्रानं प्रणिताला निलंबित केलं. तिच्या नावानं पंचायतीत ठराव झाले. कोणीतरी तिचं चित्र फिरवलं, खाली लिहिलं होतं, वावर सुकवणारी बाई. तिच्या कुंड्यांचे आकडे तिनं जाहीर केले, पण पाऊस पडून गेल्यावर दुष्काळाचे आकडे कोण वाचतो? तिचं बरोबर होतं हे सिद्ध व्हायला शेकडो गावं उद्ध्वस्त व्हायला हवी होती. ती झाली नाहीत. याचा आपल्याला आनंद व्हायला हवा, असं ती स्वतःला बजावत राहिली.

हर्षलला ती दसऱ्याला भेटली. तो मेलेली झाडं तोडत होता. तिनं जवळ जाऊन आपट्याचं पान पुढं केलं. त्यानं ते घेतलं, खिशात ठेवलं आणि करवत पुन्हा हातात घेतली.

“मी मांगितलं तवा नाही काढलं तू ते औषध,” तो म्हणाला. “त्याईच्यासाठी काढलं.”

ती म्हणाली की तेव्हा तिला एवढं माहीत नव्हतं. तो म्हणाला की ते त्यालाही समजतं. “समजते, पण अजून पचत नाही. तू घरात जा, स्नेहलनं पुरणपोळी केली आहे.”

ती जेवली. तो जेवायला बसला नाही.

कुंभीखोऱ्याला जायचं ती टाळत होती. शेवटी दिवाळी झाल्यावर गेली. मळणी उरकली होती. ललिताबाई अंगणात सूप घेऊन सोयाबीन पाखडत होत्या. त्यांनी तिला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. गावातली पाच घरं वीटभट्टीवर निघाली आहेत, त्यांत माझा पोरगा आणि सूनही आहे, असं त्यांनी सहज सांगितलं. लोक काय काय बोलतात तेही सांगितलं. ते बोलतात तेव्हा मी म्हणते, हात मीच वर केला होता, तिनं धरून उचलला नव्हता, असंही त्या म्हणाल्या.

मग सूप मांडीवर ठेवून ललिताबाईंनी विचारलं की पुढच्या साली धीर मिळेल का. पाकिटातला आता त्या औषधामुळं नाल्याकाठी टिकायचा नाही, पण तुमच्या बशीत टिकणारा असेल.

प्रणिता नाही म्हणाली. ललिताबाईंनी विचारलं, भावाचा बगीचा गेला म्हणून का?

“नाही. धीर असला की वावर शेवटपर्यंत हिरवं दिसतं. त्याला पाणी हवं आहे हे तुम्हाला कळतच नाही.”

“ताई,” ललिताबाई म्हणाल्या, “वावरानं पाणी मांगलं तरी मी देऊ कुठून? मले कळून काय उपयोग?”

प्रणितानं प्रयत्न केला. ती म्हणाली की तुम्हाला नाही, झाडाला स्वतःला कळायला हवं. कळलं की ते निम्मं सोडून देतं आणि निम्म्यावर जगतं. बोलता बोलता तिची नजर दारातल्या बांधून ठेवलेल्या बोचक्यांवर गेली आणि ती थांबली.

“निम्मं सोडून जगाचं आमाले आधीच येत होतं,” ललिताबाई म्हणाल्या. “ते शिकवाले तुमी कायले पाहिजे होत्या? तुमी आल्या तवा आमाले वाटलं, आता सगळं मिळते.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि प्रणिताला रागच सोसला असता. तिला सांगायचं होतं की ती दुसरं काही शोधते आहे: निरोप दाबणारा नव्हे, फक्त जरा उशिरा पोचवणारा जिवाणू, म्हणजे फुलं थोडी थांबतील आणि झाडही मरणार नाही. त्याला किती वर्षं लागतील ते तिला माहीत नव्हतं, आणि प्रयोगशाळाही आता तिच्याजवळ नव्हती. या अंगणात बसून असलं आश्वासन एकदा देऊन झालं होतं.

ललिताबाईंनी सूप उचललं. दाणे वर उडाले, फोलपटं वाऱ्यानं बाजूला गेली, दाणे परत सुपात पडले. आतून सून बाहेर आली आणि विचारू लागली की तवा न्यायचा की तिथं दुसरा मिळेल. ललिताबाई म्हणाल्या, ने, तिथं काही मिळत नाही.